आधी जागा, मग बोट: जपानमध्ये जुनी कॅटामरान घेताना

टोकियोच्या निशिकासाईत किंवा योकोहामात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबाने गाडी घ्यायचं ठरवलं की पहिली धावपळ होते ती जागेसाठी. गाडी कुठे उभी राहणार त्याचा नकाशा, जागेची लांबी-रुंदी, जागामालकाची संमती हे सगळं पोलिसांकडे द्यायचं आणि ‘शाको-शोमेई’ नावाचा दाखला घ्यायचा. १९६२ सालचा हा कायदा आहे. आधी दाखला, मग गाडी. सुरुवातीला हे जाचक वाटतं. काही वर्षं इथल्या अरुंद, मोकळ्या गल्ल्यांतून चालल्यावर त्यातलं शहाणपण पटतं.

शिडाची बोट नावावर करताना असा दाखला मागत नाहीत. म्हणून तो आपणच आपल्याकडे मागायचा. लांबच्या सफरीला जाण्याजोगी जुनी कॅटामरान जपानमध्ये घेऊ पाहणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हेच असतं: आधी जागा पाहा, मग बोट. अशा बोटी जगभर विकायला असतात. त्या बांधून ठेवायला सात-साडेसात मीटर रुंदीची जागा मात्र शोधून काढावी लागते.

या एका सूत्राच्या आधाराने खरेदीचा सगळा रस्ता पायरीपायरीने पाहू.

दोन अंगांची बोट

‘कॅटामरान’ हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला. त्याचा अर्थ बांधलेली लाकडं. आपल्या कोकणातही लहान होडीच्या एका बाजूला आडव्या काठ्यांनी एक लांब ओंडका जोडलेला दिसतो. ती उलांडी. होडी कलंडू नये म्हणून तिने बाजूला टेकवलेला तो हातच असतो. आजच्या कॅटामरानमध्ये हेच तत्त्व पुढे नेलेलं आहे. सारख्या मापाचे दोन अरुंद हल, म्हणजे पाण्यात बसणारी अंगं, आणि त्यांच्यामध्ये पुलासारखा पसरलेला मजला. झोपायच्या खोल्या दोन्ही हलमध्ये, बैठक आणि बहुधा स्वयंपाकघर मधल्या मजल्यावर.

एका हलची बोट तळाला लटकवलेल्या शिशाच्या किंवा लोखंडाच्या वजनाने तोल धरते, त्यामुळे वाऱ्याने ती एका कुशीवर झुकते. कॅटामरान रुंदीने तोल धरते. ती फारशी झुकत नाही. चहाचा कप टेबलावर राहतो, मुलं खेळू शकतात, रात्री झोप लागते. तिचा तळ उथळ असतो, त्यामुळे किनाऱ्याच्या जवळ नांगर टाकता येतो. दोन्ही हलमध्ये एकेक इंजिन असल्याने एक पुढे आणि एक मागे चालवून ती जागच्या जागी फिरवता येते.

या सगळ्या सुखाची किंमत रुंदीतून मोजावी लागते. फ्रान्समध्ये बनलेली, जुन्या बाजारात नेहमी दिसणारी ‘लगून ३८०’ साधारण ११.५५ मीटर लांब आणि ६.५३ मीटर रुंद आहे. तिच्या पुढच्या पिढीतली ‘लगून ४२’ १२.८० मीटर लांब आणि ७.७० मीटर रुंद. याच लांबीची एका हलची बोट चार मीटरच्या आसपास रुंदीत बसते. मरीना, म्हणजे अशा बोटी बांधून ठेवायची बंदरं, बांधल्या गेल्या त्या प्रामुख्याने एका हलच्या बोटींसाठी.

जपानला दोन हलांची ओळख नवी नाही. १९६२ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, निशिनोमियाहून एकट्याने निघून ९४ दिवसांत सॅन फ्रान्सिस्को गाठणारे केनिची होरिए १९९९ साली त्याच महासागरावरून परत आले ते कॅटामरानमधून. बिअरची ५२८ जुनी पिंपं जोडून तिचे हल केले होते आणि शिडं पुनर्वापराच्या प्लास्टिक बाटल्यांची होती. जुन्या वस्तूवर विश्वास टाकता येतो; फक्त तिचा प्रत्येक सांधा आपण तपासलेला हवा.

पायरी पहिली: जागा

युमेनोशिमा, योकोहामा बेसाइड, शिन-निशिनोमिया, ओकिनावातलं गिनोवान अशा मोठ्या मरीनांपासून सुरुवात करा. फोनवर ‘चाळीस फुटी यॉटसाठी जागा आहे का?’ असं विचारलंत तर होकारही मिळेल आणि तो तुमच्या काही उपयोगाचा नसेल. रुंदी सांगून विचारा. बहुतेक ठिकाणी कॅटामरानला दोनच प्रकारे जागा मिळते: दोन बोटींची जागा एकत्र करून, किंवा तरंगत्या धक्क्याच्या अगदी टोकाला आडवी. पहिल्यात भाडं वाढतं. दुसऱ्यात लाटांचा मार वाढतो आणि अशा जागा मोजक्याच असतात. बऱ्याच मरीनांत दोन हलांच्या बोटीला वेगळा, चढा दर असतो. तो लेखी मागून घ्या.

त्याच भेटीत आणखी चार गोष्टी विचारायच्या.

पहिली, बोट पाण्याबाहेर कशी काढणार? तळाला शेवाळ आणि शंखशिंपले धरतात, त्यामुळे साधारण वर्षातून एकदा ती वर काढून तळ घासून रंगवावा लागतो. उचलण्याच्या यंत्राचे दोन पाय एकमेकांपासून जेवढ्या अंतरावर, तेवढ्याच रुंदीची बोट त्यात जाते. चार-पाच मीटर रुंदीचं यंत्र असलेल्या मरीनात तुमची बोट पाण्यावर राहील, पण वर निघणार नाही. मग दर वर्षी दुसऱ्या बंदरात जावं लागेल. ते बंदर किती लांब आहे, तेही आत्ताच बघा.

दुसरी, आधीच्या मालकाची जागा बोटीबरोबर मिळते का? अनेक ठिकाणी करार माणसाशी असतो, बोटीशी नसतो. विक्रेता म्हणाला ‘जागा आहेच’, तरी मरीनाच्या कचेरीकडून खात्री करून घ्या.

तिसरी, वाटेतले पूल. या मापाच्या कॅटामरानची डोलकाठी पाण्यापासून वीस मीटरच्या आसपास उंच असू शकते. टोकियो आणि ओसाकाच्या कालव्यांवर असे पूल आहेत की ज्यांखालून ती जाणार नाही. भरतीच्या वेळची उंची धरून हिशेब करा.

चौथी, वादळात काय? वायव्य प्रशांत महासागरात वर्षाला सरासरी पंचवीसेक टायफून तयार होतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जपानला त्यांचा धोका सर्वांत जास्त असतो. ४ सप्टेंबर २०१८ रोजी ‘जेबी’ टायफून आला तेव्हा ओसाकात समुद्राची पातळी ३.२९ मीटरपर्यंत चढली आणि कान्साई विमानतळाच्या धावपट्टीवर पाणी आलं. तरंगता धक्का ज्या खांबांना धरून वर-खाली होतो, ते खांब अशा चढत्या पाण्यापेक्षा उंच हवेत. धक्क्यावर उभं राहून नुसते ते खांब बघा. ओहोटीला ते डोक्यावर किती उरतात, भरतीला किती उरतात, यावरून मरीनाने कुठल्या पाण्याचा विचार केला आहे ते कळतं.

या चारही प्रश्नांची उत्तरं हातात आली की तुमची बोट किती रुंद असू शकते, किती उंच असू शकते आणि वर्षाला किती खर्च येईल हे ठरून जातं. शोध इथे निम्मा संपतो. देखभालीसाठी बोटीच्या किमतीच्या दहाएक टक्के दर वर्षी बाजूला ठेवावेत असा जुना ठोकताळा आहे. जपानमध्ये मरीनाचं भाडं त्यात न धरता वेगळं मांडा.

पायरी दुसरी: परवाना आणि हद्द

जपानी नोंदणीची बोट चालवायला जपानी परवाना लागतो. तो दोन वर्गांत मिळतो. दुसऱ्या वर्गाच्या परवान्यावर किनाऱ्यापासून पाच सागरी मैलांपर्यंत जाता येतं. पहिल्या वर्गाला अंतराची ती मर्यादा नाही. लांबच्या सफरीची बोट घ्यायची तर सरळ पहिल्या वर्गाचीच तयारी करावी. शरीरतपासणी, लेखी परीक्षा आणि प्रात्यक्षिक असे तीन टप्पे असतात आणि परवाना दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो. रेडिओ वापरायला ऑपरेटरचा वेगळा परवाना लागतो, आणि यंत्रही जपानी मान्यतेची खूण असलेलं लागतं. परदेशातून आलेल्या बोटीवरचा चांगला चालणारा रेडिओ केवळ या कारणाने बदलावा लागू शकतो.

भारतात समुद्रावर वावरलेल्यांनी एक गोष्ट डोक्यात पक्की करावी. बंदरात शिरताना भारतात लाल बोया डाव्या हाताला ठेवायचा असतो. जपानमध्ये तो उजव्या हाताला. जगात बोयांच्या दोन पद्धती आहेत आणि जपान दुसऱ्या पद्धतीत येतो. रात्री, थकलेल्या डोळ्यांनी, मूळची सवय हातातलं सुकाणू ओढते. म्हणून पहिली सफर दिवसाउजेडीच करावी.

पायरी तिसरी: इथली की बाहेरची?

आता बोट शोधायची. दोन वाटा आहेत.

पहिली वाट, जपानमध्ये आधीच नोंदलेली बोट. इथे कॅटामरान कमी, म्हणून निवड कमी आणि भाव चढा. पण तिची तपासणी झालेली असते, वीज इथल्या मेळाची असते आणि तिचा माग काढता येतो.

दुसरी वाट, परदेशात घेऊन आणायची. फुकेत, लंकावी, ऑस्ट्रेलिया, भूमध्य समुद्र आणि कॅरिबियनमध्ये निवड भरपूर आहे, विशेषतः चार्टरच्या ताफ्यातून निवृत्त झालेल्या बोटी. अशी बोट ओळखता येते: प्रत्येक खोलीला वेगळं संडास-बाथरूम, इंजिनांचे तास खूप, आतलं लाकूड घासलेलं. तिला कमी लेखू नका. तिची देखभाल ठरलेल्या वेळापत्रकाने झालेली असू शकते आणि हजार लोकांनी वापरलेली वस्तू आपले दोष लपवत नाही. मात्र देखभालीची वही मागा. वही नसेल तर भाव त्या हिशेबाने पाडा.

बाहेरून आणलेल्या बोटीवर आयातीच्या वेळी दहा टक्के उपभोग कर लागतो, मग जपानी नोंदणीसाठी मोजणी आणि पहिली सुरक्षा तपासणी. परदेशी झेंड्याखाली बोट जपानमध्ये आली तर तिला आधी परकीय जहाजांसाठी उघड्या असलेल्या बंदरातच यावं लागतं; इशिगाकी आणि नाहा ही दक्षिणेकडून येणाऱ्यांची नेहमीची बंदरं. बाकीच्या, ‘बंद’ म्हटलेल्या बंदरांत जायला वेगळी परवानगी काढावी लागते.

वीजसुद्धा मोजून पाहा. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची, आणि तीही पूर्वेकडे ५० हर्ट्झ, पश्चिमेकडे ६० हर्ट्झ. युरोपातली बोट २३० व्होल्टवर चालते. धक्क्यावरची वीज घेणारा चार्जर, पाणी तापवायचं यंत्र, एअर कंडिशनर हे सगळं तपासून बदलावं लागेल. गॅसचा परदेशी सिलिंडर इथे भरून मिळणार नाही असं धरून चाला आणि शेगडीपर्यंतची जोडणी नव्याने करण्याचा खर्च मांडा.

पायरी चौथी: कागद

वीस टनांखालच्या बोटींची नोंदणी आणि तपासणी ‘जे.सी.आय.’ म्हणजे जपानची लघुनौका तपासणी संस्था करते. संस्था १९७४ सालची. नोंदणीचं काम तिच्याकडे २००२च्या एप्रिलपासून आलं. इथला टन म्हणजे वजन नव्हे. ते बोटीच्या आतल्या जागेचं, घनफळाचं माप आहे. रुंद आणि उंच मोठ्या कॅटामरानचं घनफळ पटकन वाढतं. वीस टनांचा उंबरठा ओलांडला की बोट या संस्थेच्या हातून परिवहन मंत्रालयाच्या कचेरीकडे जाते आणि कागद, वेळ, खर्च सगळंच बदलतं. म्हणून जाहिरातीतले फूट वाचून थांबू नका, नोंदणीतला टनांचा आकडा विचारा.

जपानी गाडीला जसं ‘शाकेन’, तशी बोटीलाही ठरावीक तपासणी असते: सहा वर्षांनी मोठी, मध्ये एक छोटी. विक्रेत्याकडून दोन गोष्टी हातात घ्या, तपासणीचं प्रमाणपत्र आणि तपासणीची वही. वहीतल्या नोंदींच्या तारखा सलग आहेत का ते पाहा. मध्ये मोठी पोकळी असेल तर त्या काळात बोट कुठे होती हा पहिला प्रश्न. प्रमाणपत्रावर बोटीला कुठल्या पाण्यात जायची मुभा आहे तेही लिहिलेलं असतं: अगदी आतल्या शांत पाण्यापासून थेट महासागरापर्यंत. जुन्या बोटी पुष्कळदा किनाऱ्यालगतच्या मर्यादित क्षेत्रापुरत्या नोंदवलेल्या असतात, कारण क्षेत्र वाढलं की तराफा, संकटसंदेश यंत्र, संकटात पेटवायचे जास्तीचे इशारे अशी सामग्री वाढते. टोकियोपासून हजार किलोमीटरवरच्या ओगासावारा बेटांचं स्वप्न पाहत असाल आणि हातातल्या बोटीला फक्त किनाऱ्याची मुभा असेल, तर त्या फरकाचा खर्च भावात धरलेला हवा.

एक गैरसमज मात्र इथेच काढून टाकू. ही सरकारी तपासणी म्हणजे खरेदीदारासाठी केलेली पाहणी नव्हे. कायद्याने लागणारी सुरक्षितता आहे की नाही एवढंच ती पाहते. शिडं किती वर्षं टिकतील, डेकच्या आत पाणी मुरलं आहे का, इंजिन किती थकलं आहे, हे तिथे कळत नाही. त्यासाठी आपल्या पैशाने, आपला तज्ज्ञ नेमावा लागतो, आणि तो दलालाने सुचवलेला नसावा.

पायरी पाचवी: हातोडी आणि कान

तज्ज्ञ बोलावण्याआधी आपण स्वतः अर्धा दिवस बोटीवर घालवावा. अंगावर जुने कपडे, हातात विजेरी आणि प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी.

कॅटामरानच्या पाहणीत एक सोय आहे जी दुसऱ्या बोटीत नाही. तिची दोन अंगं सारखी असतात. डावं अंग उजव्याचा साक्षीदार. जे काही डावीकडे पाहाल, तेच उजवीकडे पाहा. फरक दिसला की तिथे थांबा.

डेकपासून सुरुवात करा. या बोटी हलक्या राहाव्यात म्हणून डेकच्या दोन पातळ फायबरग्लास थरांमध्ये फोम किंवा बाल्सा लाकूड भरलेलं असतं. डेकवर स्क्रूने बसवलेल्या प्रत्येक वस्तूजवळून पाणी आत झिरपू शकतं आणि बाल्सा एकदा भिजलं की कुजतं. बाजारात माठ घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो, तसंच इथे करायचं. हातोडीने हळूहळू, वीतभर अंतराने टकटक करत जा. चांगल्या भागाचा आवाज आखूड आणि टणक येतो. थर सुटले असतील किंवा आतलं लाकूड मऊ पडलं असेल तिथे तो दबका, पोकळ होतो. हा फरक ऐकायला अनुभव लागत नाही, शांतता लागते. इंजिन बंद, संगीत बंद, विक्रेत्याला विनंती करून गप्पा बंद. संशयाच्या जागेभोवती चिकटपट्टी लावा आणि पुढे जा. शेवटी चिकटपट्ट्यांचा नकाशा तयार होतो. तोच तज्ज्ञाच्या हाती द्या.

मग आत उतरा. तिरकस लाटेत एक हल वर उचलला जातो तेव्हा दुसरा खाली असतो. बोट पिळली जाते. हा पीळ वर्षानुवर्षं सोसणारा भाग म्हणजे दोन हलांना जोडणाऱ्या आडव्या भिंती. दोन्हीकडच्या खोल्यांची सगळी दारं एकेक करून उघडा आणि लावा. एखादं दार वरच्या कोपऱ्यात अडत असेल, चौकटीच्या कोनातून केसासारखी भेग निघाली असेल, भिंत आणि हल यांच्या सांध्यावरचा रंग नवा असेल, तर तिथली आवरणं काढून आत बघू देण्याची मागणी करा. बहुतेक कॅटामरानची डोलकाठी मधल्या मजल्यावर उभी असते. तिचा सगळा भार खालच्या खांबावर आणि मुख्य आडव्या भिंतीवर उतरतो. त्या भिंतीचा तळ विजेरीच्या तिरप्या उजेडात पाहा.

डोलकाठीच्या तारा वेगळ्या नजरेने बघायच्या. एका हलची बोट जोराच्या झुळकेत झुकते आणि वारा सोडून देते. कॅटामरान झुकत नाही, म्हणून तो सगळा ओढा तारांवर येतो. बऱ्याच कॅटामरानना मागची तार नसतेच. बाजूच्या तारा मागे ओढून बांधलेल्या असतात आणि तेवढ्यावरच काठी उभी असते. तार जिथे जोडणीत शिरते तिथे तुटका धागा किंवा गंज आहे का, ते कापूस फिरवून पाहा. धागा असेल तर कापूस अडकतो. तारा दहा-बारा वर्षांच्या झाल्या असतील तर विमा कंपनी त्या बदलायला सांगू शकते. खर्च मोठा असतो.

शेवटी बोट पाण्यात कशी बसली आहे ते धक्क्यावरून पाहा. कॅटामरानला जादा वजन सोसत नाही. मागची बाजू रंगाच्या रेषेखाली गेली असेल तर आधीच्या मालकाने जनरेटर, जादा टाक्या, सायकली असं बरंच काही चढवलं आहे. वजनाने मधला मजला पाण्याच्या जवळ येतो आणि समोरच्या लाटा त्याच्या पोटावर हातोड्यासारख्या आदळतात. कुरोशिओ प्रवाह जिथे वाऱ्याला सामोरा जातो तिथे लाटा आखूड आणि उभ्या होतात. त्या पाण्यात हा आवाज रात्रभर ऐकावा लागतो.

पायरी सहावी: पाण्याबाहेर आणि पाण्यावर

भाव ठरला की थोडी रक्कम देऊन करार करावा. त्यात एक अट स्पष्ट हवी: पाहणी आणि चाचणी समाधानकारक झाली नाही तर रक्कम परत. मग बोट वर काढायची.

तळाला पहिल्यांदा सेलड्राइव्ह पाहा. हलच्या तळाला भोक पाडून त्यातून इंजिनाचा पाय खाली उतरतो आणि त्या पायाला पंखा असतो. ते भोक रबराच्या एका जाड पडद्याने बंद केलेलं असतं. बोट आणि समुद्र यांच्यामध्ये तिथे तेवढंच रबर आहे. ‘वोल्वो पेंटा’ आपला पडदा सात वर्षांनी बदलायला सांगते. ‘यानमार’चं वेळापत्रक मॉडेलप्रमाणे वेगळं आहे. शेवटचा कधी बदलला त्याची पावती मागा. पायातलं तेल काढून बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलं आहे. यानमार ही ओसाकाची कंपनी, १९१२ सालची, आणि छोट्या डिझेल इंजिनांसाठीच जगभर ओळखली जाते. तिची इंजिनं असलेल्या बोटीला इथे सुटे भाग आणि कारागीर मिळणं सोपं जातं.

मग पाण्यावरची चाचणी. आदल्या दिवशीच सांगून ठेवा: मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. थंड इंजिनच खरं बोलतं. दोन्ही एकेक करून सुरू करा. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. काळा धूर म्हणजे इंजिनावर भार जास्त आहे किंवा हवा कमी पडते आहे. पांढरा धूर हटतच नसेल तर डिझेल नीट जळत नाही, किंवा आत पाणी जातं आहे. इथेही दोघं एकमेकांचे साक्षीदार: तेवढ्याच फेऱ्यांना एकाचं तापमान जास्त असेल तर तिथे पैसे जाणार आहेत. दोन्ही इंजिनांवर पूर्ण वेग घेऊन बोट किती नॉट जाते ते लिहून ठेवा. सगळी शिडं उघडा, आवळा, सैल सोडा, पुन्हा गुंडाळा. नांगर टाका आणि यंत्राने वर घ्या. या सगळ्याला तीन-चार तास लागतात. घाई करणाऱ्या विक्रेत्याकडून बोट घेऊ नये.

पायरी सातवी: शिक्का

जपानी जुन्या बाजारात ‘गेन्जो-वाताशी’ हा शब्द वारंवार दिसेल. अर्थ: आहे त्या स्थितीत. २०२०च्या एप्रिलमध्ये लागू झालेल्या नागरी कायद्यातल्या सुधारणांनुसार, करारात सांगितल्याप्रमाणे वस्तू नसेल तर खरेदीदाराला दाद मागता येते, पण खाजगी विक्रीत हा हक्क करारानेच पुष्कळसा वगळता येतो. म्हणून ज्ञात दोषांची यादी कराराला जोडून घ्या. विक्रेत्याला जे ठाऊक आहे ते कागदावर आलं की दोघांचंही मन मोकळं होतं.

हस्तांतरणासाठी विक्रेत्याचं हस्तांतरणपत्र आणि त्यावर नोंदणीकृत शिक्का लागतो, सोबत शिक्क्याचा अलीकडचा दाखला. तुम्ही जपानमध्ये रहिवासी असाल तर तुमचाही शिक्का वॉर्ड कचेरीत नोंदवता येतो. मालकी बदलल्यावर पंधरा दिवसांच्या आत नोंदणी बदलायची. त्याच आठवड्यात विमा घ्या, आणि त्यात दोन कलमं आवर्जून बघा: टायफूनमधलं नुकसान, आणि बुडालेली बोट काढून नेण्याचा खर्च.

पहिलं वर्ष

पहिलं वर्ष घरच्या पाण्यात काढा. सेतो समुद्रात जाणार असाल तर घड्याळ आणि भरती-ओहोटीचं कोष्टक हेच खरे कप्तान. कुरुशिमा सामुद्रधुनीत प्रवाह दहा नॉटपर्यंत जातो. तुमची बोट इंजिनावर सहा-सात नॉट जाते. प्रवाह उलटा असेल तर ती पुढे तोंड करून मागे जाईल. तिथे जहाजांचा मार्गसुद्धा प्रवाहाच्या दिशेप्रमाणे बदलतो: प्रवाहाबरोबर जाणाऱ्याने मधला, विरुद्ध जाणाऱ्याने पश्चिमेचा. किनाऱ्यालगत मच्छीमारांची कायमची जाळी असतात, हिरोशिमाच्या पाण्यात कालवांच्या शेतीचे तराफे असतात. दोन पंख्यांची बोट त्यांच्यापासून दुप्पट लांब ठेवावी. मुक्कामासाठी ‘उमी-नो-एकी’ म्हणजे समुद्रस्थानकं शोधा. २००० सालापासून उभं राहिलेलं हे जाळं आता दीडशेहून अधिक ठिकाणी आहे. तिथे पाहुण्या बोटीला जागा मिळते, पण फोन आधी करा, आणि पुन्हा एकदा, रुंदी सांगा.

जागेचा शेवटचा हिशेब

निशिकासाईहून आराकावा नदी ओलांडली की काही किलोमीटरवर युमेनोशिमा मरीना लागते. नावाचा अर्थ स्वप्नांचं बेट. ही जमीन शहराच्या कचऱ्याने भरून काढलेली आहे. मरीनाशेजारच्या बागेत एका इमारतीत एक लाकडी मासेमारी बोट ठेवली आहे: दाइगो फुकुर्यु-मारु. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटाजवळच्या अमेरिकी हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख तिच्यावरच्या तेवीस खलाशांवर पडली. पुढे ती प्रशिक्षणासाठी वापरली गेली, १९६७ साली मोडीत निघाली आणि याच बेटावर कचऱ्यात टाकून दिली गेली. सामान्य लोकांनी आवाज उठवला, वर्गणी काढली आणि १९७६ साली तिला छप्पर मिळालं.

प्रत्येक बोटीच्या नशिबी असं छप्पर येत नाही. फायबरग्लास कुजत नाही आणि जाळायलाही सोपं नाही. बेवारस सोडलेल्या बोटी जपानच्या नद्यांत आणि खाड्यांत वर्षानुवर्षं पडून राहिल्या आहेत. २००५ सालापासून अशा बोटी मोडून पुनर्वापर करण्याची व्यवस्था इथे आहे, पण तिचा खर्च मालकाचा, आणि बोट जेवढी मोठी तेवढा तो जास्त. वीस वर्षांची कॅटामरान घेताना आपण कदाचित तिचे शेवटचे मालक असू, हे मान्य करूनच घ्यावी. ती रोज कुठे उभी राहणार हा पहिला प्रश्न होता. ती शेवटी कुठे जाणार हा शेवटचा. दोन्हींची उत्तरं कागदावर लिहून झाली की आपला आपणच दिलेला शाको-शोमेई पूर्ण होतो. मग खुशाल जुने कपडे चढवा, खिशात हातोडी टाका आणि बोट वाजवून बघायला निघा.